एक महायंत्र कीं अनेक लहान यंत्रें?

१. प्रश्नाचें स्वरूप

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहांतील पोथ्या, दप्तरें व सुटे कागद यांचीं छायाचित्रें आतां निघालीं आहेत. तीं नुसतीं पेटींत न ठेवतां संगणकाकडून वाचून घ्यावीं, त्यांची सूची करावी, निरनिराळ्या प्रतींतील पाठ एकमेकांशीं ताडून पाहावे, अशी इच्छा जिकडेतिकडे दिसून येते. इच्छा झाली म्हणजे पैशाचा प्रश्न उभा राहतो. जो कांहीं थोडा निधि हातीं असेल तो एकाच बलाढ्य यंत्रावर खर्चावा, कीं तेवढ्याच पैशांत साधारण प्रतीचीं आठदहा यंत्रें घेऊन तीं एकत्र जोडावीं? गेल्या साठ वर्षांत मोठमोठ्या राष्ट्रांनीं व कारखानदारांनीं ह्याच प्रश्नापायीं अपार द्रव्य खर्चिलें आहे. त्यांत एक पक्ष जिंकला असें सामान्यतः मानतात. परंतु तो कोणत्या अटीवर जिंकला, हें सहसा सांगितलें जात नाहीं. ती अट दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

आमचें प्रतिपाद्य थोडक्यांत असें आहे. स्वस्त यंत्रें पुष्कळ जोडल्यानें खर्च नाहींसा होत नाहीं. तो यंत्रांतून निघून यंत्रांच्या परस्पर निरोपांत जातो. म्हणून ह्या वादाचा निर्णय यंत्राच्या किंमतीवरून करतां येत नाहीं. कामाचे तुकडे पाडले असतां ते तुकडे एकमेकांस किती वेळां विचारतात, हें पाहूनच तो करावा लागतो.

२. यंत्रापूर्वींची वांटणी

मोठें गणित पुष्कळांत वांटून देण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांत, १७९० नंतरच्या दशकांत, जमीनमोजणीच्या खात्यासाठीं नव्या दशमान पद्धतीचीं लॉगरिथमचीं व त्रिकोणमितीचीं प्रचंड कोष्टकें करण्याचें काम गास्पार द प्रोनी ह्या अभियंत्याकडे आलें. अ‍ॅडम स्मिथच्या ग्रंथांतील टांचण्यांच्या कारखान्याचें वर्णन वाचून त्याला श्रमविभागाची युक्ति सुचली. त्यानें माणसांचे तीन वर्ग केले. पहिल्यांत मोजके थोर गणिती. त्यांनीं सूत्रें निवडावीं. दुसऱ्यांत सातआठ जाणते हिशेबी. त्यांनीं सूत्रांत अंक घालून तक्ते आंखून द्यावे. तिसऱ्यांत साठ ते ऐशीं माणसें. त्यांस बेरीज व वजाबाकी यांपलीकडे कांहीं येण्याची जरूर नव्हती. ह्या तिसऱ्या वर्गाच्या हातून जीं कोष्टकें निर्माण झालीं, तीं हस्तलिखित स्वरूपांत सतरा मोठे खंड भरतील एवढीं होतीं. पुढें चार्ल्स बॅबेजच्या मनांत गणकयंत्राची कल्पना वाढली, तिला ह्या कोष्टकांच्या उदाहरणानें पुष्कळ बळ मिळालें. तिसऱ्या वर्गाच्या जागीं यंत्र बसवितां येईल, हें त्यानें ओळखलें.

आमच्या वाचकांस याहून जवळचें उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताचें आहे. १९१९ सालीं आरंभिलेली ती चिकित्सक आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. पोथ्यांतील पाठ ताडून नोंदविण्याचें काम एकट्या पुण्यांत झालें नाहीं. शांतिनिकेतन व तंजावर येथेंहि तें चालत असे. श्लोकवार आंखलेल्या तावांवर प्रत्येक पोथीचे पाठभेद उतरवावयाचे असल्यामुळें एका ठिकाणच्या पंडितांस दुसऱ्या ठिकाणीं घडोघडीं विचारण्याचें कारण पडत नसे. परंतु सर्व ताव जमल्यावर मूळचा पाठ कोणता हें ठरविण्याचें काम तसें वांटतां येईना. आदिपर्वाचें तें काम डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे होतें, व तें पर्व १९३३ सालीं पुरें झालें. पाठ ताडणें हें विभाज्य काम आणि पाठ ठरविणें हें अविभाज्य काम, हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

विभाज्य व अविभाज्य ह्यांच्यामध्यें तिसरा एक प्रकार आहे. १९२२ सालीं लुइस फ्राय रिचर्डसन ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें हवामानाचें भाकित गणितानें करण्याविषयीं ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें एका काल्पनिक गणनागृहाचें चित्र रेखाटलें आहे. नाट्यगृहासारख्या विशाल वर्तुळाकार दालनांत ६४,००० माणसें बसलेलीं आहेत, प्रत्येकाकडे पृथ्वीच्या एका तुकड्याचें गणित आहे, आणि प्रत्येकजण आपला आंकडा शेजाऱ्यास दिसेल असा वर धरतो. मध्यें उंच जागीं एक नियामक आहे. जे पुढें धांवतात त्यांच्यावर तो एका रंगाचा प्रकाश टाकतो, व जे मागें रेंगाळतात त्यांच्यावर दुसऱ्या रंगाचा. येथें काम वांटलें आहे, पण कोणीहि शेजाऱ्यावांचून पुढलें पाऊल टाकूं शकत नाहीं. पुण्यावरील हवेचें पुढल्या घटकेचें मान काढावयाचें तर मुंबईवरील हवेचें ह्या घटकेचें मान आधीं हातीं यावें लागतें. अशा कामांत सर्व सभेचा वेग सर्वांत मंद माणसाच्या वेगाइतकाच राहतो.

३. एकाच महायंत्राचा पक्ष

एकच यंत्र पराकाष्ठेचें वेगवान करावें, ह्या पक्षाचा सर्वांत थोर पुरस्कर्ता अमेरिकेंतील सेमूर क्रे हा होय. सी-डी-सी ६६०० हें १९६४ सालीं पुढें आलेलें यंत्र त्यानें विस्कॉन्सिन संस्थानांतील चिपेवा फॉल्स ह्या आपल्या गांवीं लहानशा मंडळीसह रचलें. आय-बी-एम ह्या बलाढ्य पेढीच्या प्रमुखानें १९६३ सालीं आपल्या अधिकाऱ्यांस लिहिलेलें टिपण उपलब्ध आहे. झाडलोट करणारा धरून अवघीं ३४ माणसें, त्यांनीं आपणांस मागें कसें टाकलें, असा त्यांतील सूर आहे.

क्रेचें पुढील प्रसिद्ध यंत्र क्रे-१. त्याची पहिली प्रत १९७६ सालीं लॉस अलामॉस येथील प्रयोगशाळेंत गेली. त्या यंत्राचा एक ठोका सेकंदाच्या अब्जांश भागांत मोजला तर साडेबारा भागांचा होता. प्रकाश एका अब्जांश सेकंदांत सुमारें ३० सेंटिमीटर जातो, आणि तारेंतील विद्युत् त्याहून मंद चालते. तेव्हां तार लांबली कीं ठोका चुकला. म्हणून क्रेनें यंत्र वर्तुळाकार उभें केलें, त्याची एक बाजू उघडी ठेवली, सर्व तारा आंतल्या बाजूस घेतल्या, आणि त्यांतील एकहि सुमारें चार फुटांहून लांब होऊं दिली नाहीं. इतकी दाटी झाल्यावर उष्णता कोंडते. ती काढण्यासाठीं यंत्राच्या अंगांतून शीतक द्रव्य फिरवावें लागलें. साडेपांच टनांचें तें यंत्र लाखों डॉलर किंमतीचें होतें. क्रेच्या यंत्राचें सौंदर्य संवादाचें अंतर आखूड करण्यांत होतें, हें येथें नमूद करून ठेवितों. कारण पुढें ज्यांनीं त्याचा पक्ष मोडला त्यांसहि अखेर तीच विवंचना करावी लागली.

शेत नांगरण्यास दोन दणकट बैल घ्याल कीं १०२४ कोंबड्या, असें वचन क्रेच्या नांवावर रूढ आहे. त्यांतील उपहास अनेक-यंत्रवाद्यांस उद्देशून होता. परंतु बैलांचा खर्च दरसाल वाढत चालला. महायंत्राचीं गिऱ्हाइकें जगांत मोजकीं, म्हणून नव्या रचनेचा सर्व खर्च थोड्या यंत्रांवर बसे. उलट घरगुती व कचेरींतील संगणकांत जो सूक्ष्म गणक बसतो त्याच्या कोट्यवधि प्रती खपत, त्यामुळें त्याच्या संशोधनाचा खर्च प्रत्येक प्रतीवर अत्यल्प पडे. क्रेच्या क्रे-३ ह्या यंत्राची एकच प्रत १९९३ सालीं बोल्डर येथील वातावरण-संशोधन केंद्रांत बसली. १९९५ सालीं त्याच्या कंपनीचें दिवाळें वाजलें, आणि १९९६ सालीं मोटार-अपघातानंतर तो वारला.

४. अ‍ॅमडालचें गणित व त्यास उत्तर

अनेक यंत्रांच्या पक्षावर सर्वांत मार्मिक आक्षेप १९६७ सालीं जीन अ‍ॅमडाल यानें घेतला. त्याचें गणित कोणाहि हिशेबनिसास समजेल असें आहे. समजा, एक काम एका यंत्रास १०० तासांचें आहे. त्यांतील ९५ तासांचें काम वांटतां येतें व ५ तासांचें वांटतां येत नाहीं. वीस यंत्रें लावलीं तर वांटण्याजोगा भाग पावणेपांच तासांत होईल. अविभाज्य पांच तास मिळवून पावणेदहा तास झाले. यंत्रें वीस, पण वेग दसपटीच्या थोडा वर. पंचाण्णव यंत्रें लावलीं तर सहा तास, म्हणजे वेग सुमारें सतरापट. आणि यंत्रें लाखों लावलीं तरी पांच तासांच्या खालीं उतरणें नाहीं. वेगाची मर्यादा वीसपट. शंभरांत पांच इतका अल्प अविभाज्य भाग असतां ही गत होते. ह्या हिशेबांत यंत्रांच्या एकमेकांतील निरोपांचा वेळ धरलेलाच नाहीं. तो धरला तर एका मर्यादेपुढें यंत्रें वाढविल्यानें काम उलट मंदावतें.

ह्या आक्षेपास १९८८ सालीं सँडिया प्रयोगशाळेंतील जॉन गुस्ताफ्सन यानें उत्तर दिलें. १०२४ गणकांच्या यंत्रावर त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं हजारपटीहून अधिक वेग साधून दाखविला. त्याचें म्हणणें असें कीं, मोठें साधन हातीं आलें म्हणजे मनुष्य तेंच काम लवकर उरकीत नाहीं. तेवढ्याच वेळांत मोठें काम हातीं घेतो. काम मोठें झालें कीं वांटण्याजोगा भाग वाढतो, व अविभाज्य भाग बहुधा तेवढाच राहतो. शंभर पानांची पोथी क्षणांत वाचून व्हावी अशी कोणा संग्राहकाची निकड नसते. एक रात्रीं शंभर पानांऐवजीं लाख पानें व्हावीं, अशी असते. दोन्ही गणितें बरोबर आहेत. पहिलें ठराविक कामाचें आहे, दुसरें वाढत्या कामाचें आहे; आपलें काम कोणत्या जातीचें हें आधीं ठरविलें पाहिजे.

५. पुण्याचें उदाहरण

ह्या वादाचा एक महत्त्वाचा प्रयोग पुण्यांत झाला. १९८० नंतरच्या दशकांत पावसाच्या भाकितासाठीं भारत सरकारला अमेरिकेचें महायंत्र हवें होतें. वाटाघाटी लांबल्या, आणि अखेर हव्या असलेल्याहून कमी शक्तीचें क्रे एक्स-एम-पी १४ हें यंत्र वापराच्या कडक अटींवर मिळून १९८९ सालीं दिल्लीस बसलें. परकीयांच्या मर्जीवर अवलंबून राहण्याऐवजीं स्वतःचें साधन उभारावें म्हणून १९८८ सालीं प्रगत संगणन विकास केंद्राची, म्हणजेच सी-डॅकची, स्थापना पुण्यास झाली, डॉ. विजय भटकर हे तिचे आद्य संचालक. क्रेसारखा एकच अतिवेगवान गणक घडविण्याचे कारखाने आपल्याकडे नव्हते. म्हणून बाजारांत मिळणारे गणक पुष्कळ जोडण्याचा मार्ग पत्करला गेला. १९९१ सालीं परम ८००० हें यंत्र प्रसिद्ध झालें.

परम हें ‘स्वस्त वस्तूंची मोळी’ होतें असें समजणें चुकीचें होईल. त्यांत इंग्लंडांतील ब्रिस्टल येथील इन्मॉस कंपनीचे ट्रान्सप्यूटर नांवाचे गणक वापरले होते. ह्या गणकाचा विशेष असा कीं, त्याच्या अंगांतच शेजाऱ्यांशीं बोलण्याचे चार दुवे घडविलेले असत. तो बाजारी माल खरा, पण संवादासाठींच जन्मलेला. त्याची निवड झाली तींत अर्धें यश होतें. उरलेलें अर्धें यश प्रोग्राम लिहिणारांच्या श्रमांत होतें; एका ओघानें चालणारें जुनें गणित अनेक गणकांत कसें विभागावें, कोणता आंकडा कोणाकडे केव्हां पोंचवावा, हें सर्व नव्यानें लिहावें लागे. पुढें १९९८ सालीं परम १०००० हें यंत्र कार्यस्थानकांच्या जातीच्या संगणकांची जुळणी करून उभें राहिलें, आणि त्या वंशांतील परम पद्म २००३ च्या जूनमध्यें जगांतील पहिल्या पांचशें यंत्रांच्या यादींत १७१ व्या क्रमांकावर आलें. ह्या काळांत सी-डॅकनें गणक बाहेरून घेतले, पण त्यांस जोडणारें परमनेट हें जाळें मात्र स्वतः घडविलें. कोणती वस्तु विकत घ्यावी व कोणती घरीं करावी, याविषयींचा त्यांचा निर्णय आमच्या प्रतिपाद्यास पुष्टि देणारा आहे.

हा मार्ग एकट्या पुण्यानें धरला असें नाहीं. बंगळूर येथील राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेंत हवेच्या प्रवाहांच्या गणितासाठीं फ्लोसॉल्व्हर हें अनेकगणकी यंत्र १९८६ सालींच चाललें होतें, आणि तुर्भें येथील भाभा अणुसंशोधन केंद्रांत १९९० नंतर अनुपम नांवाची यंत्रमालिका निघाली.

६. बेओवुल्फाची जुळणी

परममध्यें गणक बाजारी असला तरी यंत्राची बांधणी खास होती. सगळेंच बाजारी घ्यावें, ह्या टोकाचा प्रयोग १९९४ सालीं अमेरिकेच्या नासा संस्थेच्या गॉडर्ड केंद्रांत टॉमस स्टर्लिंग व डोनाल्ड बेकर यांनीं केला. दुकानांत मिळणाऱ्या ४८६ जातीच्या गणकांचीं सोळा यंत्रें, कचेरींत वापरतात तसलें इथरनेटचें जाळें, आणि फुकट मिळणारी लिनक्स ही कार्यप्रणाली, इतक्या सामग्रीवर तें यंत्र उभें होतें. त्यास बेओवुल्फ असें नांव दिलें. आमच्या वाचकांस हें नांव परिचित असेल. बेओवुल्फ हें प्राचीन इंग्रजी वीरकाव्य एकाच हस्तलिखितांत शिल्लक राहिलें आहे, व तेंहि १७३१ सालच्या आगींत कडेनें होरपळलेलें. त्या काव्याच्या नायकाच्या पंजांत तीस पुरुषांचें बळ होतें असें वर्णन आहे. ज्याची दुसरी प्रत जगांत नाहीं अशा ग्रंथाचें नांव एकसारख्या प्रतींच्या जुळणीस मिळावें, हा योग विलक्षण खरा.

ह्या जुळणीची कृति सर्वांस खुली होती. खास महायंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यापीठांनीं ती उचलली. मात्र साध्या जाळ्याची मर्यादा तींत लगेच दिसली. समजा, साध्या जाळ्यांतून एका यंत्राचा निरोप दुसऱ्यास पोंचण्यास सेकंदाचा विसहजारावा भाग लागतो. हा काळ आपणांस शून्यवत् वाटेल. परंतु सेकंदास तीन अब्ज ठोके देणाऱ्या गणकाचे तेवढ्यांत दीड लाख ठोके होऊन जातात. प्रत्येक पावलास शेजाऱ्याची वाट पाहणाऱ्या गणितांत हे सर्व ठोके फुकट जातात. ज्या गणितांत पावलोपावलीं विचारावें लागत नाहीं, तेथें ही अडचण नाहीं. बर्कले विद्यापीठानें १९९९ पासून २०२० पर्यंत चालविलेला सेटी-अ‍ॅट-होम हा उपक्रम ह्या दुसऱ्या जातीचा. आकाशांतून येणाऱ्या रेडिओलहरींच्या नोंदींचे लहान तुकडे जगभरच्या स्वेच्छेनें सामील झालेल्या लोकांच्या घरच्या यंत्रांकडे जात, व उत्तरें परत येत. एका तुकड्यास दुसऱ्याची गरज नव्हती, म्हणून मध्यें खंडें व समुद्र असूनहि काम चाललें. पावसाचें भाकित ह्या रीतीनें कधींच झालें नसतें.

७. स्वस्ताईचे गुप्त खर्च

स्वस्त यंत्रांच्या जुळणींत जे खर्च प्रथमदर्शनीं दिसत नाहींत, त्यांतील तीन येथें देतों.

पहिला खर्च प्रमादांचा. २००३ सालीं अमेरिकेंतील व्हर्जिनिया टेक ह्या विद्यापीठानें अ‍ॅपल कंपनीचीं ११०० टेबलावरचीं यंत्रें जोडून सिस्टिम एक्स नांवाची जुळणी केली. खर्च सुमारें ५२ लाख डॉलर. आणि क्रमांक जगांत तिसरा लागला. परंतु त्या यंत्रांच्या स्मृतींत चूक ओळखून सुधारण्याची सोय नव्हती. बाहेरून येणाऱ्या सूक्ष्म किरणांमुळें स्मृतींतील एखादें शून्य एक होऊन बसतें. घरच्या एका यंत्रांत ही घटना विरळा, अकराशें यंत्रांत ती नित्याची. लेखकप्रमाद कसा शिरतो व न कळत पुढील सर्व प्रतींत कसा उतरतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. २००४ सालीं तीं सर्व यंत्रें काढून स्मृतिशोधनाची सोय असलेलीं दुसरीं यंत्रें बसवावीं लागलीं. नादुरुस्तीचाहि हिशेब असाच. एक यंत्र सरासरीनें तीन वर्षांत एकदां बिघडतें असें धरलें, तर अकराशें यंत्रांत सुमारें रोज एक बिघडणार.

दुसरा खर्च परावलंबनाचा. २०१० सालीं अमेरिकन वायुदलाच्या प्रयोगशाळेनें सोनी कंपनीचीं प्लेस्टेशन ३ हीं सुमारें १७०० खेळयंत्रें जोडून एक गणनयंत्र केलें. खेळासाठीं तीं स्वस्त विकलीं जात, त्याचा लाभ प्रयोगशाळेस झाला. परंतु त्याच वर्षीं कंपनीनें ह्या खेळयंत्रांवर दुसरी कार्यप्रणाली चालविण्याची सोय बंद केली. दुसऱ्याच्या बाजारासाठीं घडविलेला माल आपल्या कामास लावला, कीं त्या बाजाराची लहर आपणांस सोसावी लागते.

तिसरा खर्च विजेचा, जागेचा व देखरेखीचा. दहा यंत्रांस दहा वीजपुरवठे, दहा पंखे, दहा ठिकाणीं कार्यप्रणालीची निगा. खरेदीच्या पत्रकांत हीं कलमें दिसत नाहींत. वर्षअखेरच्या जमाखर्चांत दिसतात.

८. वादाचा निकाल

२०२२ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील ओक रिज येथील फ्रंटियर ह्या यंत्रानें सेकंदास एकावर अठरा शून्यें इतक्या गणितक्रियांची मर्यादा ओलांडल्याचें जाहीर झालें. तें यंत्र ९४०० हून अधिक स्वतंत्र संगणकांचें बनलेलें आहे. म्हणजे अनेकांचा पक्ष निर्विवाद जिंकला. परंतु ते संगणक ज्या जाळ्यानें बांधले आहेत तें बाजारांतील साधें जाळें नव्हे. स्लिंगशॉट नांवाचें तें जाळें मुद्दाम अशा यंत्रांसाठीं रचलेलें आहे, व तें क्रेच्या नांवानें चाललेल्या कंपनीनें रचलें. यंत्रास लागणारी वीज सुमारें दोन कोटि वॅट. कोंबड्यांनीं शेत नांगरलें हें खरें. परंतु त्यांस जुंपण्याचें जोतें बैलाच्या किंमतीचें निघालें. एक महायंत्र व अनेक लघुयंत्रें हे दोन पक्ष आरंभीं जितके भिन्न दिसतात तितके ते आज राहिलेले नाहींत.

९. हस्तलिखितांच्या कामीं उपयोग

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपल्या संग्रहांची कामें वर सांगितलेल्या कसोटीवर लावून पाहिलीं असतां त्यांचे चार वर्ग पडतात.

पहिला, छायाचित्रें स्वच्छ करणें व शिकून तयार झालेल्या यंत्रवाचकाकडून तीं वाचविणें. येथें एका पानास दुसऱ्याची गरज नाहीं. समजा, एक लाख चित्रें आहेत, प्रत्येकीं ५० मेगाबाइटचीं, व एका पानास एका यंत्राचे २० सेकंद लागतात. एका यंत्रास सुमारें तेवीस दिवस लागतील. आठ यंत्रांस तीन दिवसांहून थोडे कमी. जुनीं, साधीं यंत्रें ह्या कामास पुरेशीं आहेत. मात्र सर्व चित्रें एकाच पेटींतून एका साध्या गिगाबिट तारेनें बाहेर पडावयाचीं असतील, तर नुसती वाहतूकच अकरा तास घेईल. साठ यंत्रें लावलीं तर वाचन सव्वानऊ तासांत होऊं शकतें, पण चित्रें अकरा तासांच्या आंत पोंचणारच नाहींत. म्हणजे साठावें यंत्र घेण्यापूर्वीं तार बदलावी.

दुसरा, प्रतींची परस्परांशीं तुलना. १९९८ सालीं चॉसरच्या कँटरबरी कथांतील एका प्रास्ताविकाच्या ५८ हस्तलिखितांचा वंशसंबंध जीवशास्त्रांतील पद्धतीनें शोधल्याचें प्रसिद्ध झालें. ५८ प्रतींच्या जोड्या १६५३ होतात. प्रत्येक जोडी स्वतंत्र आहे, म्हणून हें कामहि वांटतां येतें. फक्त सर्व पाठांची नक्कल प्रत्येक यंत्रास आधीं द्यावी.

तिसरा, वंशवृक्षाची निवड. केवळ दहा प्रती असल्या, व प्रत्येक फाट्यास दोनच शाखा मानल्या, तरी मूळ धरून शक्य वृक्ष ३,४४,५९,४२५ होतात. सगळे तपासणें पुढें अशक्य होतें. म्हणून एक बरा वृक्ष सांपडला म्हणजे तो सर्वांस कळवून त्याच्या आसपास शोध चालवावा लागतो. येथें यंत्रांस एकमेकांशीं बोलावें लागतें, पण क्वचित्. साधें जाळें पुरतें.

चौथा, मोडीसारख्या लिपीचें वाचन यंत्रास प्रथमच शिकविणें. ह्या शिक्षणांत प्रत्येक पावलास लाखों आंकडे दुरुस्त होतात, आणि अनेक यंत्रें असलीं तर ती दुरुस्ती प्रत्येक वेळीं सर्वांस पोंचवावी लागते. हा रिचर्डसनच्या गणनागृहाचा प्रकार झाला. येथें दहा जुनीं यंत्रें घेणें म्हणजे पैसा पाण्यांत. भरपूर स्मृतीचें ग्राफिक्स कार्ड असलेलें एकच चांगलें यंत्र घ्यावें, अथवा तेंहि न घेतां शिक्षणापुरतें मोठें यंत्र दुसरीकडून मिळवावें. २०१५ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन योजनेखालीं परम वंशाचीं यंत्रें देशांतील अनेक शिक्षणसंस्थांत बसलीं आहेत. तेथील अध्यापकांशीं सहकार्य केल्यास हें शिक्षण साधण्याजोगें आहे. एकदां शिकलेला वाचक घरीं आणला म्हणजे तो पहिल्या वर्गाचें काम साध्या यंत्रांवर करूं शकतो.

ह्या चारहि वर्गांच्या शेवटीं एक अविभाज्य काम उरतें, व तें यंत्राचें नाहीं. यंत्रानें वाचलेलें मोडीचें पान जाणत्या माणसानें मुळाशीं ताडून पाहिल्यावांचून प्रमाण धरतां येत नाहीं. मोडी सराईतपणें वाचणारे आज थोडे, व त्यांतील पुष्कळ वृद्ध आहेत. यंत्रें दुप्पट केलीं तरी हे वाचक दुप्पट होत नाहींत. अ‍ॅमडालचे पांच तास आपल्या बाबतींत हे आहेत. सर्व निधि यंत्रांवर खर्चून वाचकासाठीं कांहींच न ठेवणारी संस्था लाखों पानांचें वाचन मिळवील, आणि त्यांतील कोणतें विश्वसनीय हें तिला सांगतां येणार नाहीं. इकडे कागदांस कसर लागतच आहे, आणि जो शब्द आज मुळावरून तपासला नाहीं तो उद्यां तपासण्यास मूळच नसण्याचा संभव आहे.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून निघणारीं अनुमानें येणेंप्रमाणें :

(१) ज्या कामाचे तुकडे एकमेकांस विचारीत नाहींत, त्यास स्वस्त यंत्रांची जुळणी उत्तम.

(२) ज्याचे तुकडे पावलोपावलीं विचारतात, त्यास एकच बलाढ्य यंत्र, किंवा भारी जाळ्यानें बांधलेली जुळणी. साध्या जाळ्याची जुळणी येथें निरुपयोगी.

(३) जुळणी करणारानें यंत्रांची किंमत लिहितांना तार, सांठवण, स्मृतिशोधन, वीज व देखरेख हीं कलमें बाजूस न ठेवतां त्याच पत्रकांत लिहावीं.

(४) सर्वांत मंद व अविभाज्य भाग कोणता हें खरेदीपूर्वीं शोधावें. हस्तलिखितांच्या कामांत तो भाग बहुधा तज्ज्ञ वाचक हाच असतो. म्हणून निधीचा वांटा प्रथम त्याच्यासाठीं काढावा.

ज्या संग्राहकांस खरेदी करावयाची असेल त्यांनीं आपल्या दप्तरांतील शंभर पानें घेऊन, हाताशीं असलेल्या एकाच यंत्रावर, चित्र आणण्यास किती वेळ, वाचण्यास किती व तपासण्यास किती, हें तीन रकान्यांत मांडून पाहावें. कोणता रकाना मोठा आहे हें कळल्यावर दुकानदाराचा सल्ला घेण्याचें फारसें कारण उरणार नाहीं.